पाठ पुसण्याची रीत

एसटीत कुणी पायावर पाय दिला, की ते म्हणायचे, "चुकलं माजं." पाय यांचा, तुडवणारा दुसराच, आणि माफी मागणार हे. बरं, माणूस काही किरकोळ नव्हता. माझ्या दुकानाच्या दारातून आत येताना त्यांना खांदे तिरके करावे लागायचे. तुम्हीही असा एखादा दांडगा गडी पाहिला असेल, पण तो बहुधा छाती काढून चालणारा असेल. आमचे वस्ताद गर्दीतून अंग चोरून चालायचे. आपल्यामुळे लोकांची जागा अडते, याचीच त्यांना लाज वाटायची.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावाने ते पुरेसं वापरून घेतलं आहे.

आमचं गाव काष्टीहून आत चार-पाच मैलांवर. बाजारपेठेच्या टोकाला त्यांची तालीम आणि तिच्यासमोर माझं शिलाईचं दुकान. बायकांचे ब्लाऊज आणि पैलवानांचे लंगोट, दोन्ही एकाच मशिनवर. तालमीत बाईमाणसाने पाऊल ठेवायचं नाही, म्हणून लंगोटांची ऑर्डर द्यायला वस्ताद स्वतः यायचे.

"वहिनी, आट लंगोट. लाल. शिवन दुहेरी घाला, पोरं लई वढत्यात."

"पोरं वढत्यात का तुमी वढायला लावता?"

"चुकलं माजं," म्हणून हसायचे.

मी फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तालमीत दोन गोष्टी पाळाव्याच लागत. पहिली, हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, बाहेर हात उचलायचा नाही. मातीत आहेस तोवर पैलवान, बाहेर पडलास की सगळ्यांसारखा माणूस. एकदा त्यांच्या एका पट्ठ्याने स्टँडवरच्या रसवंतीवाल्याच्या कानाखाली वाजवली. वस्तादांनी त्याला शिवीसुद्धा दिली नाही. महिनाभर रोज सकाळी त्याला रसवंतीवर ऊस धुवायला लावलं आणि स्वतः त्याच्या शेजारी उकिडवे बसून ऊस धुतला. मी विचारलं, "तुमी कशापायी?" तर म्हणाले, "हात त्याचा, पर शिकवला मी." रसवंतीवाला बिचारा इतका ओशाळला की शेवटी त्यानेच दोघांचे पाय धरले.

दुसरी रीत पाठ पुसण्याची. सरावाची कुस्ती झाली की जिंकलेल्याने पडलेल्याला हात देऊन उठवायचं, त्याला वळवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने पुसायची. वरून खाली, दोनदा. मी मशिनवर बसल्या बसल्या दारातून हे हजार वेळा पाहिलं असेल. ज्याची पाठ पुसली तो हरला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. पण पुसणाऱ्याची मान खाली असायची, म्हणून हरलेल्याला ते लागत नसे.

या तालमीत भैया म्हणून एक पोरगा दोन वर्षं होता. अंगात ताकद भरपूर, पण पाठ पुसायची वेळ आली की हा उठून पाणी प्यायला जायचा. वस्ताद म्हणायचे, "येईल त्याला." त्याला काही आलं नाही. त्याने तालीम सोडली, वाळूचे डंपर घेतले, आणि दोन-चार वर्षांत चौकातल्या फ्लेक्सवर तो भैयासाहेब झाला.

एका बाजाराच्या दिवशी त्याची काळी गाडी भर बाजारात घुसली. पुढे कोथिंबीर घेऊन बसलेल्या म्हातारीला उठायला वेळ लागला, तर हा खाली उतरला आणि लाथेने तिचा सगळा माल उधळला. सगळा बाजार बघत होता. मीही माझ्या दारात उभी होते. वस्ताद तेवढे पुढे झाले. हात जोडलेले.

"भैया, जाऊ दे. म्हातारी हाय. चुकलं तिचं."

"वस्ताद, तुमी मधी पडू नका."

"पडत न्हाई. तू गाडीत बस."

भैयाने हात उगारला. वस्ताद फक्त बाजूला झाले, एवढंच. त्यांनी हात लावला नाही, हे मी देवाशपथ सांगते. मारायचा जोर रिकाम्या जागेवर गेला, भैयाचा पाय त्याच कोथिंबिरीवरून सटकला आणि तो चिखलात पाठीवर पडला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा.

आणि मग वस्तादांनी जे केलं ते फक्त त्यांनीच केलं असतं. हात दिला, उठवलं, वळवलं, आणि मान खाली घालून त्याची पाठ पुसली. वरून खाली, दोनदा.

त्यांच्या मनात काही नव्हतं. पन्नास वर्षं हात जे करत आले, ते हातांनी केलं. भैया नुसता उभा होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो कदाचित तसाच गाडीत बसून निघून गेला असता. पण माझं तोंड गप्प बसलं नाही.

"पाठ पुसली रं पुसली!" मी दारातून ओरडले. "चीत झाला भैया, चीत!"

अख्खा बाजार हसला. म्हातारीसुद्धा हसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वस्तादांनी मात्र माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि ती मी पहिल्यांदाच पाहत होते.

चौथ्या दिवशी पहाटे ते एकटेच हौदाची माती खणत असताना चौघे आले. वस्तादांची बायको तालमीमागच्या परसात म्हशीची धार काढत होती. तिने आवाज ऐकला आणि धावत आली. ती सांगायची, चौघांतला एकही यांच्यासमोर घटकाभर टिकला नसता. पण यांनी खोरं बाजूला ठेवलं आणि हात मागे धरले. त्या चौघांनी हात पुढे ओढून काढला आणि उजवा पंजा उंबऱ्यावर ठेवून लोखंडी गजाने ठेचला. ज्या हाताने पाठ पुसली तोच हात. एवढं बरोबर लक्षात ठेवलं होतं.

नगरच्या दवाखान्यात त्यांचे वीस-बावीस पट्ठे जमले. एकेकाचे डोळे लाल झालेले. एक म्हणाला, "वस्ताद, निस्तं व्हय म्हना."

"ज्याला जायचं त्यानं जावं," वस्ताद म्हणाले. "पर मग माज्या हौदात पाय ठेवू नये."

एकही गेला नाही. पोलीस आले तेव्हा वस्तादांनी सांगितलं, घसरून पडलो. मी तिथेच होते. माझं डोकं फिरलं.

"काय चाललंय तुमचं? नाव घ्या त्याचं!"

"वहिनी, मी नाव घेतलं की तो उलटी केस घालनार. त्यात ह्या पोरांची नावं घालनार. पोलीस भरतीला चाललीत ती. एक केस झाली की जन्म वाया."

"आनि तुमचा हात?"

त्यांनी बांधलेला हात चादरीखाली सरकवला. मीही गप्प बसले. मला फौजदाराला सांगता आलं असतं की बाजारात काय झालं, कुणाचं कुणाशी वैर होतं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझं दुकान रस्त्यावर, नवरा अंथरुणाला खिळलेला आणि भैयाची गाडी रोज दारावरून जाणारी. मी पिशवी उचलली आणि एसटी पकडली.

हात जुळला, पण बोटं वळेनात. हौदाची माती रोज खणावी लागते. तिच्यात तेल, हळद, ताक घालून ती मऊ ठेवावी लागते. पोरांनी चार महिने ते केलं. मग दोघे भरतीत लागले, काही कारखान्यावर गेले. उरलेल्यांसाठी भैयाने चौकात आरशांची जिम काढली, फुकट. वस्तादांनी ज्यांचं आयुष्य सांभाळायला हात दिला, त्यांतले तिघे भैयाच्या गाडीमागे काळे शर्ट घालून चालू लागले. असल्या पोरांसाठी! मी हे वस्तादांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "पोटं हायेत त्यास्नी." मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी समोर बघितलं नाही.

मग एका दुपारी ते दुकानात आले. हातात तीन सदरे.

"वहिनी, ह्याची बटनं काढा. टिचबटनं लावा. ही लावता येत न्हाईत."

"घरात वहिनी लावत न्हाईत का?"

"लावती की. पर रोज किती सांगायचं तिला."

मी बटणं उसवायला घेतली. तिसऱ्या सदऱ्यापाशी मला राहवलं नाही.

"वस्ताद, त्या दिशी मी वरडले नसते, तर तुमचा हात शाबूत राहिला असता."

मला वाटलं, ते नेहमीचं म्हणतील. "चुकलं माजं" म्हणतील आणि मी सुटेन. इतकी वर्षं ऊठसूट जे वाक्य म्हणत आले ते त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "राहिला असता."

सदरे घेऊन खांदे तिरके करत ते गेले.

पुढे तालमीच्या दाराला कुलूप लागलं आणि ते दोघं देवळाली प्रवराला लेकीकडे राहायला गेले. तिथेच ते वारले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

शोकसभा भैयासाहेबांनी ठेवली, तालमीच्या समोर, म्हणजे माझ्याच दारात. मांडव, खुर्च्या, फ्लेक्स. फ्लेक्सवर वस्तादांचा खांद्यावर गदा घेतलेला जुना फोटो आणि त्याच्या दुप्पट आकाराचा हात जोडलेला भैया. पहिल्या रांगेत काळे शर्टवाले बसले होते. भैयाने भाषण केलं. वस्तादांनी आम्हाला संयम शिकवला, म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला.

"काकूंनी वस्तादांना सगळ्यात जवळून बघितलंय. काकू, दोन शब्द बोला."

माइक माझ्या हातात दिला. समोर पाचशे माणसं. कोथिंबीरवालीही होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि गावात माझ्याइतकी तोंडाची फटकळ बाई दुसरी नाही, हेही माहीत होतं. मी बोलेन म्हणून काही जण पुढे सरकून बसले. भैया माझ्याकडे बघत होता. हसत होता, म्हणजे फक्त ओठांनी.

"वस्ताद फार नम्र होते," मी म्हणाले, आणि माइक परत दिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत वाजवत नाहीत, पण वाजवल्या. भैयाने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "छान बोललात काकू." मी त्याला मान हलवून हो म्हटलं.