धूळघाट, नाशिक, दादर

भागिरथाचा नवरा शेषराव रेल्वेच्या गँगमध्ये होता. १९७०च्या पावसाळ्यानंतर जऊळक्याजवळच्या पुलावर ढिले झालेले रूळ ठोकत असताना त्याला इंजिनानं उडवलं. वारा उलटा होता, शिट्टी त्याच्या कानावर आलीच नाही. गँगच्या माणसांनी त्याला दोन गोणपाटांत गुंडाळून आणलं. दोन कशासाठी, हे भागिरथाला कोणी सांगितलं नाही. तिनं स्वतः गाठी सोडून पाहिलं आणि पुन्हा बांधल्या.

मेलेल्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. धाकटा दीर ग्यानबा याच्या मते ती त्याचीच होती. भागिरथाला पोरबाळ नाही, वय तिशीच्या आत, उद्या ती दुसरा नवरा करील आणि नोकरी दुसऱ्याच्या घरात जाईल, असं तो बौद्धवाड्यात सांगत फिरला. सहीसाठी अकोल्याला जायच्या सकाळी त्यानं तिला दारातच गाठलं. हातात बैल हाकायची तुतारी होती, टोकाला खिळा असलेली. ती त्यानं तिच्या मांडीत दोनदा खुपसली. सासू रंगूबाई उंबऱ्यात उभी होती. ती काही बोलली नाही.

भागिरथानं मांडीला धडपं आवळलं आणि लंगडत स्टेशन गाठलं. अकोल्याच्या कचेरीत साहेबानं बसायला सांगितलं तर ती उभीच राहिली. बसली असती तर खुर्चीला रक्त लागलं असतं, आणि रक्त पाहून कोणी म्हणालं असतं की ही बाई कामाची नाही. चौथी शिकलेली होती. उभ्यानंच तिनं आपलं नाव लिहिलं.

नोकरी लागली ती जऊळका स्टेशनावर गाडीतल्या माणसांना पाणी पाजायची. स्टेशनामागं एक खोली मिळाली. तिसऱ्या दिवशी रंगूबाई बोचकं घेऊन तिथं आली, बोचकं कोपऱ्यात ठेवलं आणि चूल पेटवायला बसली. ती का आली हे भागिरथानं विचारलं नाही. मग दोघी तिथंच राहू लागल्या.

पाणी पाजणं सोपं काम नव्हतं. गाडी पाच मिनिटं थांबायची, उन्हाळ्यात खिडकीखिडकीतून हात बाहेर यायचे. एका वैशाखात एका प्रवाशानं पाणी पिऊन झाल्यावर तिची जात विचारली आणि उत्तर ऐकताच पितळी तांब्या तिच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फाटली. भागिरथानं डोळ्यातलं रक्त पुसलं, भरलेली बादली उचलली आणि खिडकीतून सगळी त्याच्या अंगावर ओतली. स्टेशनमास्तरांनी तिला दम दिला, आणि कपाळाला लावायला आयोडीनही दिलं.

अशी सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत तिनं रेल्वेचा पास एकदाही काढला नव्हता. तिला तो मिळतो हेच माहीत नव्हतं. ते तिला गोविंदसिंग नावाच्या गार्डानं सांगितलं. गोविंदसिंग खंडव्याचा, या छोट्या लाइनीवर त्याचं आयुष्य गेलेलं. सरकार तुला फुकट फिरवायला तयार आहे आणि तू इथंच मडक्यांपाशी मरतेस, असं तो एकदा डब्यातून उतरता उतरता म्हणाला. सासूचं नावही तुझ्यावर अवलंबून म्हणून पासावर चढतं, हे मास्तरांनी कागद पाहून सांगितलं.

मग त्या हिवाळ्यात दोघींचं एकच चाललं. जायचं कुठं.

रंगूबाईला वाघ पाहायचा होता. तिचं माहेर आसेगावकडं. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या बापाला वाघानं ओढत नेलं होतं. तिनं बाप पाहिला तो नंतर, नाल्यात, कमरेवरचाच. वाघ काही पाहिला नाही. साठ वर्षं ती त्याला मनातल्या मनात वेगवेगळं तोंड देत आली होती. "ज्यानं माह्या बापाले खाल्लं, तो दिसते कसा हे त पाहू दे," ती म्हणाली. भागिरथाचा भाऊ देवमन धूळघाटला रेल्वेतच खलाशी होता. तिथं मेळघाटच्या जंगलात गाडी डोंगराला वळसा घालून हळू चढते. खिडकीतून अस्वलं दिसतात, असं गोविंदसिंग सांगायचा. देवमनला पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं की जंगलखात्याच्या नाक्यावरचा शिपाई ओळखीचा आहे, पाणवठ्यावरच्या मचाणावर तो बसवील, पण म्हातारीनं खोकू नये.

भागिरथाला द्राक्षांचे मळे पाहायचे होते. एकदा बायकांच्या डब्यातल्या कोणा बाईनं पाण्याच्या बदल्यात तिच्या ओंजळीत घोस ठेवला होता. ती फळं झाडाला लागतात की वेलाला, यावरून सासूसुनेचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी तांड्यावरच्या लखीरामला विचारलं. तो दरवर्षी नाशिककडं मळ्यांत छाटणीला जायचा. वेल असतो, तारांच्या मांडवावर चढवलेला, माणूस खालून चालत जातो आणि घोस डोक्याला लागतात, असं त्यानं सांगितलं. काही जण त्याच्या रसाची दारूही करतात, साहेबलोक ती काचेच्या पेल्यात पितात. ती पिऊन ते बायकोला मारतात का, असं रंगूबाईनं विचारलं. लखीराम म्हणाला, दारू ती दारूच.

आणि दादरचा समुद्र. तो शेषरावचा होता. सहा डिसेंबरला तो दरवर्षी जायचा आणि आल्यावर भागिरथा विचारायची, कसा असते. त्याला सांगता यायचं नाही. तो नुसते हात पसरायचा. पुढच्या साली तुला नेतो, असं त्यानं तीन साल म्हटलं होतं.

तर असं ठरलं. फेब्रुवारीत, द्राक्षं पिकलेली असताना निघायचं. आधी धूळघाट, दोन मुक्काम. परत अकोला, तिथून मोठ्या लाइनीनं नाशिक. लखीराम स्टेशनावर येईल. मग दादर, आणि घरी. भागिरथाच्या जागी पाणी पाजायला गँगमधल्या एकाची बायको तयार झाली. रंगूबाईनं तिळाच्या चटणीसाठी तीळ भाजून ठेवले. पास आला त्या दिवशी भागिरथानं तो तिला दोनदा वाचून दाखवला.

ही गोष्ट ग्यानबाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तोवर तो पुरता दारूत गेला होता. बायकोला, वच्छलाला, तो रोज मारायचा आणि मारताना भागिरथाचं नाव घ्यायचा. एका दुपारी पॅसेंजर गेल्यावर तो खोलीवर आला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, पातं काढलेला.

त्यानं पास मागितला. भागिरथानं शांतपणे सांगितलं की त्यावर नाव माझं आहे, तुला त्याचा उपयोग नाही. तो म्हणाला, उपयोग कोणाला पाहिजे आहे. भावाच्या मढ्यावर बसून तू गावोगाव मजा मारणार आणि लोक मला हसणार. मग त्यानं दांडा फिरवला.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. ती भिंतीवर आदळली. त्यानं तिचे केस मुठीत धरून तिला अंगणात ओढत आणलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. तिच्या तोंडात रक्त आलं, एक दात जिभेवर सैल फिरू लागला. तेवढ्यात रंगूबाई मधे आली. सत्तरीला टेकलेली बाई, तिनं दोन्ही हात वर केले आणि लेकाच्या आणि सुनेच्या मधे उभी राहिली. ग्यानबानं तिला बाजूला हो म्हणून दोनदा बजावलं. ती हलली नाही. त्यानं दांडा आईच्या हातावर मारला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. रंगूबाई खाली बसली. त्यानं पुन्हा दांडा उचलला, आणि आता तो तिच्या डोक्यावर येणार होता.

स्टेशनाची लोखंडी बादली रांजणापाशी होती. भागिरथानं ती कडीला धरून फिरवली. बादली ग्यानबाच्या जबड्यावर बसली. तो कोसळला. दांडा हातातून सुटला. इथं सगळं थांबलं असतं तर ती पुढं कोणालाही सांगू शकली असती की सासूला वाचवायला मारलं.

पण ती थांबली नाही. पडलेल्या माणसाच्या तोंडावर तिनं बादली पुन्हा मारली, आणि पुन्हा. बादलीचा काठ त्याच्या कानातून गेला. कान लोंबू लागला. तो हात जोडत होता, बोलता येत नव्हतं म्हणून नुसता घशातून आवाज काढत होता. मांडीतला खिळा, फाटलेली भुवई, दोन गोणपाटं, यांतलं काहीच त्या वेळी तिच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं. फक्त हात हलका झाला होता आणि ते तिला बरं वाटत होतं. मग कोणीतरी तिचं मनगट धरलं. रंगूबाईनं, धड असलेल्या हातानं.

"बस कर वो," ती म्हणाली.

मास्तर आणि हमाल धावत आले. तिघांनाही त्याच संध्याकाळच्या गाडीनं वाशीमच्या दवाखान्यात नेलं. ग्यानबाचा जबडा तारेनं बांधला, एका कानानं त्याला पुढं ऐकू आलं नाही. रंगूबाईचा हात वाकडाच जुळला. भागिरथाच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. ती पालथी झोपू शकत नव्हती, आणि उताणी झोपली की तिला बादलीचा आवाज ऐकू यायचा.

ग्यानबानं फिर्याद दिली की वहिनीनं आपल्याला ठार मारायचा प्रयत्न केला. खटला वाशीमच्या कोर्टात उभा राहिला आणि दिवाळीपर्यंत चालला. नात्यातली माणसं रंगूबाईकडं येऊन बसू लागली. लेक तो लेक, सून परक्याची, असं समजावू लागली. ती त्यांना चहा द्यायची आणि काही बोलायची नाही. तिच्या गप्प राहण्याची भागिरथाला भीती वाटायची. ती एकदा उंबऱ्यात गप्प उभी राहिलेली भागिरथानं पाहिली होती.

साक्षीच्या दिवशी रंगूबाईनं वाकडा हात कठड्यावर ठेवला. सरकारी वकिलानं विचारलं, आई आपल्या पोटच्या पोराविरुद्ध कशी बोलते. ती म्हणाली, "सायेब, सात वर्सांआधी यानं हिच्या मांडीत खिया खुपसला तवा मी पाहत उभी होती. तवा बोलली असती त आज हा हात मोडला नसता. यानं मले मारलं. हिनं बादली नसती उचलली त मी इथं आली नसती."

बादली किती वेळा मारली, असं वकिलानं विचारलं. "म्या मोजली नाई," ती म्हणाली.

भागिरथा सुटली. मास्तरांनी दिलेल्या उलट फिर्यादीत ग्यानबाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो आत असतानाच वच्छला माहेरी निघून गेली आणि नंतर त्यानं तीनदा माणसं पाठवली तरी परतली नाही.

जुन्या पासाची मुदत केव्हाच संपली होती. पुढच्या फेब्रुवारीत भागिरथानं नवा काढला. यावेळी दोघींनी त्यावर फार बोलणं केलं नाही. तीच गावं, तोच क्रम.

धूळघाटला मचाणावर दोघी दुपारपासून बसल्या. वाघ आला नाही. उन्हं कलल्यावर एक सांबर पाण्यावर आलं आणि त्याच्यामागून रानकुत्र्यांची टोळी. नऊ होती. त्यांनी सांबराला पाण्यात रेटलं आणि ते उभं असतानाच मागून खायला सुरुवात केली. सांबर मान उंच धरून उभंच होतं. भागिरथानं डोळे मिटले, तोंडात पदर कोंबला. रंगूबाई शेवटपर्यंत पाहत राहिली. खाली उतरल्यावर ती देवमनला म्हणाली की वाघानं तिच्या बापाला एका झटक्यात नेलं असणार, मानेतूनच. मधल्या वाटेवर ती थांबली आणि पुन्हा तेच म्हणाली, यावेळी जरा हलक्या आवाजात.

नाशिकला लखीरामनं त्यांना मळ्यात नेलं. घोस खरंच डोक्याला लागत होते. मालकाच्या माणसानं दोघींना टोपलीभर द्राक्षं दिली आणि बांधावर बसून त्यांनी ती इतकी खाल्ली की रंगूबाईचं पोट बिघडलं. गाडीत सगळा वेळ ती आडवी होती.

त्या दोघी दादरला सकाळी पोचल्या. भरती होती. वाळूत पाय टाकल्याबरोबर भागिरथा थांबली, कारण आवाज एवढा असेल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी उठायचं, आपटायचं, मागं जायचं आणि पुन्हा उठायचं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग सासूकडं न बघता बोलली.

"आत्या, मी त्याले मारून टाकून राह्यली होती. तुमच्यासाठी नाई. मले थांबाचंच नव्हतं."

"मले ठावं हाय," रंगूबाई म्हणाली. "म्हनून त धरला तुहा हात."

"मंग कोर्टात काहून नाई सांगतलं?"

म्हातारीनं वाकडा हात पदरात घेतला. "त्यायनं इचारलं ते सांगतलं. माह्या पोटात काय हाय हे त्यायनं कुठी इचारलं? तो माहा लेक हाय, भागिरथा. तो पडला तवा मले वाटलं, मरून जाऊ दे. मंग वाटलं, नोको."

भागिरथा रडली नाही. तिनं सासूला दंडाला धरून ओल्या वाळूवर नेलं. लाट आली ती त्यांच्या अंदाजापेक्षा मोठी होती. पायाखालची वाळू सरकली, दोघी बसकन खाली आपटल्या आणि नाकातोंडात पाणी गेलं. रंगूबाई थुंकत, शिव्या देत उठली. लुगडं पिळता पिळता तिनं विचारलं की गाडी किती वाजताची आहे. संध्याकाळची, भागिरथानं सांगितलं. मग अजून पुष्कळ वेळ आहे, असं म्हणून म्हातारी पुन्हा पाण्याकडं चालू लागली.