युसूफचा ठोका

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही, ती होती तोवर राहून गेलं, आणि आता गारखेड्याच्या या दोन खोल्यांत ऐकायला फक्त पंखा आहे. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही, ही मोठी सोय.

मी ड्रमर. मुंबईच्या स्टुडिओंत भाडोत्री वाजवणारा. बोलावलं की जायचं, वाजवायचं, निघायचं. सत्तरच्या दशकात फंक आणि सोलचं वारं आलं — अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, कमरेतून हलवणारं संगीत — आणि आमचे अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बसवणारे, केस वाढवून न्यूयॉर्कचे झाले. मीही गॉगल घेतला. ताल घ्यायचा राहिला.

ताल युसूफकडं होता. आम्ही दोघं मराठवाड्यातल्या आमच्या शहरातले, शहागंजातल्या एकाच बँडपथकातले. वरातीत चालता चालता तो दुसरा ठोका केसभर उशिरा टाकायचा. नाचणाऱ्याचा पाय जमिनीला टेकायला तेवढा वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं. विलायतेत ज्याला फंक म्हणत, ते आमच्याकडं नवरदेवाच्या घोड्यापुढं चालायचं.

मीच त्याला मुंबईला बोलावून घेतलं — हे मी बरीच वर्षं मोठेपणानं सांगत असे. तो माझ्या खोलीत राहिला. मग मला कावीळ झाली, आणि एका रेकॉर्डिंगला मी त्याला बदली पाठवलं. बदलीचा रिवाज असा, की वाजवायचं त्यानं आणि नाव लागायचं मूळ माणसाचं. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. इथवर मी साफ आहे.

बरा होऊन स्टुडिओत गेलो, तर अरेंजर म्हणाले, पुढच्या कामांना त्यालाच पाठव. मला काय वाटलं? काळजात वीज वगैरे? छे. मी हसलो. म्हणालो, तो गावी परत गेला, त्याला यात रस नाही. युसूफ तेव्हा माझ्या खोलीवर भात टाकून माझी वाट बघत होता.

आणि खोलीवर येऊन — हे लिहिताना मी दोनदा उठलो — त्याला सांगितलं, की ते गाणं रद्द केलं.

"माझ्यामुळं का, भाऊ?"

"व्हय. तुझी लय सुटत होती. पुन्हा नको म्हणाले."

त्यानं मला भात वाढला. खरं सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी धरून गावी गेला.

त्याच गाण्याची रेकॉर्ड निघाली. मुंबईच्या हॉटेलांत थोडी वाजली. आमच्या शहरापर्यंत पोचलीच नाही. कव्हराच्या पाठीमागं ड्रमर म्हणून माझं नाव. दार लावून, ती पुन्हा पुन्हा ऐकून, मी त्याचा ठोका शिकलो — बराचसा. त्यावर पुढची सगळी कामं केली. आता परदेशातले शौकीन फोन करतात, तो ठोका सुचला कसा म्हणून. इथं एका सत्कारात शाल घालताना पाहुणे म्हणाले, हा मराठवाड्याच्या मातीतला ताल. खरंच बोलले बिचारे. माणूस तेवढा चुकला.

युसूफनं पुन्हा काठी हातात धरली नाही. शहागंजात स्कूटरच्या सीटा शिवत राहिला. गावी आलो की मी भेटायचो. तो मुंबईचं विचारायचा, मी सांगायचो. खरं बोलायला वेळ नव्हता का? होता की. तो चहा मागवायचा, मी प्यायचो, आणि वेळ जायचा.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. मी घरी भेटायला गेलो. त्याची मुलगी नसरीन समोर बसली.

"अब्बा तुमचं नाव लई काढायचे, चाचा," ती म्हणाली. "म्हणायचे, तोंडावर सगळेच वाहवा करतात. तुझ्यात दम नाय, असं सांगणारा दोस्त एकच भेटला."

मी चहाचा कप खाली ठेवला. आणखी थोडा घेता का, तिनं विचारलं.

घेतो म्हणालो.