घरून पेज पिऊन आलेलं लेकरू

ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच माह्या पोरानं माह्या खांद्यावर पांढरी उलटी केली. डॉक्टरीनबाई ओरडली, "याले उपाशी आना म्हटलं होतं ना!"

सासू म्हने, "वाटीभर भाताची पेज देल्ली. उपाशी लेकरू कोनी घराबाहीर काढते का वं बाई?"

पोराच्या जांघेत आतडं अडकून आलेली हर्नियाची गाठ दगडासारखी होऊन राहिली होती. डॉक्टरीन म्हने, "आता भूल देनं धोक्याचं आहे, उलटी फुफ्फुसात जाईन. पोट रिकामं होईपर्यंत इथं गोंदियातच थांबा, नाही तं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या."

नवरा माह्याकडं पाहे, "बोल ना!"

रस्त्यात गाठ आतल्या आत सडली तं? इथं भुलेत पुन्हा ओकला तं?

"इथंच थांबतो," मी म्हटलं. काऊन म्हटलं, मालेच नाही समजलं. तुमी असते तं काय केलं असतं?