अक्कांच्या जागी बसलेला ट्रिगर

मंडळी, आज मला माझ्याच कोडची किळस आली.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. तिथं ऑर्डर आली, की ती बघून लक्ष्मीअक्का कॉम्प्युटरवर पॅकिंगच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, गठ्ठ्यांच्या ओळी हातानं टाइप करायच्या. मागच्या महिन्यात मी ट्रिगर, म्हणजे एक नोंद झाली की आपोआप चालणारा कोड, लिहिला. ऑर्डर सेव्ह केली, की पॅकिंगची ओळ आपोआप पडते. कुठल्या मालाचे किती गठ्ठे, हे अक्कांनीच शेजारी बसून मला शिकवलं.

"बरं केलंस की गं," त्या म्हणाल्या, "मनगट लई दुखायचं."

आज मालक म्हणाले, "शाब्बास मॅडम! अक्कांना उद्यापासून येऊ नका म्हटलंय. त्यांचं लॉगिन बंद करा."

आग लागो त्या शाब्बासकीला. पण मी केलं. कामगारांच्या टेबलात त्यांच्या नावापुढं 'बंद' टाकलं, आणि मीच लिहिलेल्या दुसऱ्या ट्रिगरनं 'माजी कामगार'मध्ये त्यांची ओळ घातली. एकही एरर आली नाही.

डबा पिशवीत घालून निघताना अक्कांनी मलाच विचारलं, "कुटली एन्ट्री चुकली का गं माझी?"

तुम्ही काय सांगितलं असतं?