कंपनी सुटली, म्हैस अडकली

हसायचं तर हसा मंडळी, पण आधी हातातला कप खाली ठेवा. कारण मी माझ्या अकलेचं जे प्रदर्शन सांगणार आहे, ते मी चार भिंतींत नाही, भर बाजारात भोंग्याशेजारी उभं राहून मांडलं होतं. तेही फुकट!

गोष्ट कळंबची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवत होतो. इतिहासाच्या मास्तरचं एक वाईट असतं. त्याला प्रत्येक दुकानामागं वखार दिसते आणि प्रत्येक व्यापाऱ्यामागं फौज. 'कंपनी' हा शब्द कुठं वाचला की माझ्या डोळ्यांपुढं तोफा आणि लाल डगले उभे राहायचे. मग ती कंपनी काड्यापेट्यांची का असेना!

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, बेंबळीला शेती करायचे. आई गेल्यावर शेत थोरल्या भावावर सोपवून ते आमच्याकडं राहायला आले. आले आणि थोड्याच दिवसांत पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. ठेच ती काय, शेतकऱ्याला तिचं कौतुक? पण जखम काही भरेना. शेवटी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की अंगात साखर वाढलीय.

"गोड एकदम बंद," डॉक्टर म्हणाले. "जखम सुकली नाही तर सोलापूरला नेऊन अंगठा काढावा लागेल."

आप्पा हसले. "काढा की! जोडा तेवढाच सैल हुईल."

पण घरी येताना टांग्यात ते सारखे आपल्या पायाकडं बघत होते. जन्मभर ढेकळात अनवाणी चाललेला माणूस तो. सारखे आपल्या पायाकडं बघत होते. मला रडू यायला लागलं, ते मी टांगेवाल्याशी उगाच भांडून जिरवलं.

डॉक्टरांनी मला एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. नळीत औषध घ्यायचं, त्यात आप्पांच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं झालं तर जपा. विटेसारखं लाल झालं तर धोका.

ही प्रयोगशाळा मी स्वयंपाकघरात मांडायला निघालो, तर आमची कुसुम लाटणं घेऊन दारात उभी राहिली. "अहो, माझ्या चुलीपाशी हे चालणार नाही!" मग मी घराबाहेरच्या ओट्यावर बसायला लागलो. सकाळी येणारा-जाणारा विचारायचा, "मास्तर, काय, च्या व्हय?" काय सांगणार त्याला?

पथ्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आप्पांपुढं ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी आली. जेवण झाल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकायची त्यांची जन्माची सवय. हात आपोआप फडताळाकडं गेला आणि मधेच थांबला. तेवढ्यात शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा घरात आला. आप्पांनी मान वळवली. मला ते बघवेना. मी वाटी पुढं केली, "घ्या आप्पा, एवढ्यानं काही होत नाही. प्रसादाला कुठं पथ्य असतं?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, वाटी कपाळाला लावली आणि शिरा खाल्ला. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर पथ्य कडक सुरू झालं. कुसुमनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला, गूळ कुलपात ठेवला. आम्हीसुद्धा बिनसाखरेचा चहा प्यायला लागलो. आणि आप्पांच्यात एक मोठा बदल झाला बघा. जन्मात कधी देवळाची पायरी न चढणारा हा माणूस! "देव रानात असतो, देवळात काय ठिवलंय?" असं म्हणणारा! तो आता लंगडत लंगडत रोज देवदर्शनाला जायला लागला. सोमवारी महादेव, शनिवारी मारुती. जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, तर आमच्या समोरच्या कासीमभाईंबरोबर दर्ग्यात. मी शाळेत सगळ्यांना अभिमानानं सांगायचो, "दुखण्यानं आमच्या आप्पांना भक्तिमार्गाला लावलं हो!"

कुसुम एकदा म्हणाली, "मामंजी देवळातून येतात तेव्हा मिशीला रवा असतो."

"श्रद्धेची चेष्टा करू नये," मी तिला सुनावलं.

आणि इकडं नळी? रोज विटकरी! पथ्य एवढं कडक, तरी विटकरी. अंगठा तसाच ओला. मला झोप येईना. साखर येते कुठून? घरातला डबा अन् डबा हुंगून झाला. शेवटी माझी नजर चुलीजवळच्या पत्र्याच्या डब्यावर पडली. वनस्पती तूप! वर गुटगुटीत बाळाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात छापलेलं... बरोबर ओळखलंत. 'कंपनी'!

झालं! सगळा इतिहास माझ्या डोळ्यांपुढून गेला. तो डबा काखेत मारून मी तडक समोरच्या किराणा दुकानात गेलो. दुकान कासीमभाईंचं. आप्पा रोज संध्याकाळी तिथं पोत्यावर बसून त्यांच्याशी बैलांच्या गप्पा मारायचे. दोघांचं मेतकूट असं की एकाला शिंक आली तर दुसरा नाक पुसायचा.

"हे विष परत घ्या," मी डबा आपटला.

"विष?" कासीमभाई चष्मा वर करून म्हणाले. "मास्तर, हेच तूप म्या घरी खातो."

"कंपनी यात काय मिसळते ठाऊक आहे? माझ्या वडलांचा अंगठा जायची वेळ आलीय!"

"अवो, डबा म्या इकतो. कुणाच्या तोंडात कोंबत न्हाय."

"हो, हो! विकायचं तुम्ही, मरायचं आम्ही! आजपासून आप्पा तुमच्या दुकानात पाऊल टाकणार नाहीत."

कासीमभाईंचा चेहराच उतरला. "मास्तर, डबा ऱ्हाऊ द्या इथं," ते हळू आवाजात म्हणाले. "पर आप्पाला अडवू नका. त्यो माझा थोरला भाऊ हाय."

मी ऐकलं का? अजिबात नाही! घरी येऊन आप्पांना फर्मान सोडलं. त्या दिवसापासून ते ओट्यावर बसायचे आणि रस्त्यापलीकडं कासीमभाई गल्ल्यावर. दोघंही एकमेकांकडं बघत नसल्यासारखं दाखवायचे.

आणि मग बाजारच्या दिवशी खुद्द कंपनीच गावात आली!

एक रंगीत मोटार, तिच्यावर भोंगा, शेजारी मोठी कढई. गळ्यात टाय बांधलेला एक पुण्याकडचा तरुण एजंट घाम पुसत ओरडत होता, "या, या! आमच्या तुपातल्या गरम पुऱ्या, अगदी फुकट!" सगळा बाजार पुऱ्यांवर तुटून पडलेला. मला तर ती वखारच दिसली. मी घरी पळालो, नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा घेतला आणि तसाच येऊन मोटारीच्या फळीवर चढलो.

"बंधूंनो!" मी भोंग्याचं नळकांडं एजंटाच्या हातातून ओढलं. "कंपनी आधी फुकट देते! मग वखार घालते! मग राज्य घेते! या कंपनीच्या तुपात साखर आहे. माझे वडील तिनं आजारी पडलेत!"

टाळ्या पडल्या. पुऱ्या खाता खाताच पडल्या, पण पडल्या.

"गुरुजी," एजंट काकुळतीला आला, "तुपात साखर कशी असेल हो?"

"आत्ता दाखवतो!"

नळीत औषध घेतलं, कढईतलं तूप टाकलं आणि दिव्यावर धरलं. सगळा बाजार पुऱ्या विसरून नळीकडं बघायला लागला. तूप वर तरंगलं, औषध खाली उकळलं. निळं. अजून उकळलं. अजून निळं. कृष्णाच्या अंगासारखं निळं!

"न्हाय की वो बदललं," पुढचा एक जण म्हणाला.

"औषध बिघडलं असेल!" मी म्हणालो.

"मग दुसरं कायतरी टाकून बघा," मागून एक गवळी पुढं आला. "ह्ये माझं दूध घ्या. चोख हाय, पान्याचा थेंब न्हाय."

चिडून मी नळी धुतली, नवं औषध घेतलं, त्यात दूध टाकलं आणि दिव्यावर धरलं. आणि काय सांगू! बघता बघता ते हिरवं झालं, पिवळं झालं आणि चक्क विटकरी! दुधात स्वतःची साखर असते हे इतिहासाच्या मास्तरला कुणी शिकवलं होतं?

"अरारा!" कुणीतरी ओरडलं. "कंपनी सुटली, म्हैस अडकली!"

बाजार असा हसला की पेठेतली गाढवं बिथरली. गवळी मात्र रडकुंडीला आला, "मास्तर, माझ्या म्हशीला कशापायी बदनाम करता वो?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आप्पा आले, लंगडत. मुलाची फजिती कुणीतरी त्यांच्या कानावर घातली असणार. त्यांच्या मागोमाग गल्ला सोडून कासीमभाई आले.

"आप्पा," गर्दीतल्या एकानं विचारलं, "तुमी खाता तरी काय?"

"म्या?" आप्पांनी छाती काढली. "कडक पथ्य! घरात गोडाचा कण शिवत न्हाय. फकस्त परसाद."

"कंचा परसाद?"

"सोमवारी म्हादेवाचं खोबरं-साखर. मंगळवारी, शुक्रवारी देवीचा गूळ-फुटाणा. जुम्मेरातला दर्ग्यातला मलिदा, त्यो कासीम दोन मुठी जास्तच घालतो. शनवारी मारुतीचा गूळ, त्यो आइतवारीबी पुरतो. अन् कुठं सत्यनारायण आसला तर शिरा. बामन लई भला, द्रोण भरून देतो."

"अन् बुधवारी?"

आप्पांचा चेहरा पडला. "बुधवारी कायबी न्हाय. बुधवार लई जड जातो बघा."

आता कुणी हसलंसुद्धा नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भोंग्याचं नळकांडं हळूच एजंटाच्या हातात परत दिलं.

कासीमभाईंनी हळूच विचारलं, "आप्पा, परसाद चालतो म्हनून तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे?" आप्पांनी अभिमानानं माझ्याकडं हात केला. "माझ्या मास्तरनं! शिकलेला पोरगा हाय, उगं सांगंल व्हय?"

धरणीमाते, पोटात घे! पण धरणी कुठली पोटात घेते? एजंटानं हात देऊन मला फळीवरून उतरवलं. बरा पोरगा होता. जाताना मी त्याला विचारलं, "खरं सांग, तुझ्या घरी कोणतं तूप?" तो इकडंतिकडं बघून कानात म्हणाला, "आई लोणी कढवते, गुरुजी." म्हणजे कंपनीसुद्धा अगदी धुतल्या तांदळाची नव्हती म्हणा. पण माझ्या वाटचं पाप तिच्या डब्यात मावत नव्हतं.

घरी जाता जाता मी कासीमभाईंच्या दुकानापाशी थांबलो. त्यांनीच माझा खांदा धरला. "जाऊ द्या, मास्तर. मलिदा घालनारा हात माझाच हाय की. गुन्हा निम्मा-निम्मा." आणि आप्पांसाठी पोतं झटकून पुढं सरकवलं.

घरी आल्यावर मी आप्पांच्या पायाशी बसलो. "आप्पा, डॉक्टर गोड नको म्हणाले होते, तुम्ही ऐकलं होतं. तरी माझं का ऐकलंत?"

त्यांनी अंगठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी वाटी म्होरं केलीस, तवा तुझं तोंड रडवेलं झालतं. म्हनलं पोराचं मन कशापायी मोडायचं? मन राखाया म्हनून खाल्लं." आणि मिशीत हसले. "पहिल्या दिवशी. मंग चटक लागली."

मी त्यांच्यासाठी दिलं, त्यांनी माझ्यासाठी खाल्लं, आणि आम्ही दोघांनी मिळून कंपनीवर मोर्चा नेला! मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नवा कायदा केला. "परसाद नाकारायचा न्हाय, टाकायचा न्हाय, अन् म्या खायाचा न्हाय."

"मग खायचा कुणी?"

"ज्यानं पथ्य न्हाय म्हनून सांगितलं, त्यानं!"

देवदर्शन त्यांनी सोडलं नाही. रोज द्रोण आणायचे, कपाळाला लावायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे, आणि मी तो चाटूनपुसून संपवायचो. हळूहळू नळी विटकरीची पिवळी झाली, पिवळीची हिरवी झाली आणि एका सकाळी निळीशार राहिली. अंगठा सुकला. त्या संध्याकाळी आप्पा दोन्ही पायांत जोडे घालून, न लंगडता, रस्ता ओलांडून कासीमभाईंच्या पोत्यावर जाऊन बसले. मी ओट्यावरून बघत होतो. एवढं सुख मला पगाराच्या दिवशीही कधी झालं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती.

दोनेक वर्षांनी मला सारखी तहान लागायला लागली. पानिपत शिकवता शिकवता मी दोनदा पाणी प्यायला जायचो आणि तहाच्या धड्यावर डुलक्या घ्यायचो. कुसुमनं एका सकाळी नळी, औषध आणि दिवा ओट्यावर आणून ठेवला. या वेळी थेंब माझे होते.

औषध उकळलं. हिरवं झालं, पिवळं झालं. आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

"औषध बिघडलं असेल," मी म्हणालो.

कुसुमनं पदर डोळ्याला लावला आणि आत जाऊन गुळाला कुलूप घातलं. आप्पा वाकून नळीकडं बघत राहिले. डोळे भरून आले होते म्हाताऱ्याचे. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले,

"मास्तर, आता कंच्या कंपनीवर चालून जायाचं?"