जपून हां, पायरी हाय

कुणी विचारलं की मी 'पार्कात कामाला आहे' एवढंच सांगते. पुढचं सांगायला गेलं तर लोक हसतात. खरी गोष्ट अशी की सोळा-सतरा वर्षं मी एका पायरीपाशी उभी होते. त्या पायरीच्या भोवती आधी भुतं आली, मग जंगल आलं, त्यानंतर अंतराळ. सगळी आली आणि गेली. पायरी तेवढी जागच्या जागी राहिली, आणि तिच्याबरोबर मी.

वलवणच्या अलीकडे जुन्या हायवेला लागून आमचं पार्क आहे. त्याच्या आधी तिथं कोंबड्यांच्या दोन लांब शेड होत्या. पार्कवाल्यांनी जागा घेतली, पाळणे उभारले, छोटी आगगाडी फिरवली आणि मधली भिंत फोडून दोन्ही शेड एकमेकींना जोडल्या. एका शेडची जमीन दुसरीपेक्षा वीतभर खाली होती. ती सारखी करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. आत काळोखच करायचा होता, मग दिसतंय कुणाला? त्या जोडशेडमध्ये भूतबंगला झाला आणि बरोब्बर वळणावर, जिथे माणसाचं लक्ष भिंतीवरच्या कवट्यांकडे असतं, तिथे ती पायरी राहिली.

मी तिथे झाडलोटीला लागले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. सकाळी पार्क उघडायच्या आत भूतबंगला झाडून घ्यायचा, जाळी काढायची नाहीत, कारण जाळी मुद्दाम लावलेली. पावसाळ्यात कितीही फिनाईल टाकलं तरी भिंतींना ओल धरली की कोंबड्यांचा वास यायचा. पब्लिकला तो भुतांचा वाटायचा. पहिल्याच आठवड्यात त्या पायरीवर माझा अंगठा असा ठेचला की नख काळं पडलं.

आत भूत म्हणून पुण्याहून नाटकात काम करणारे एक गृहस्थ यायचे. जुलैतल्या एका रविवारी हायवेवर गाड्यांची रांग लागली आणि ते तळेगावच्या पुढे सरकेनात. बाहेर पब्लिक खोळंबलेलं. आमचे सुपरवायझर देहूरोडचे, लोकलने वेळेवर येणारे आणि वेळ चुकलेली न खपणारे. त्यांनी माझ्या हातात पांढरी साडी ठेवली.

"ताई, केस सोडा आणि आत उभ्या राहा. फक्त जोरात ओरडायचं."

मी उभी राहिले. पण ओरडायला होईना. परक्या माणसांवर काय म्हणून ओरडायचं? घरातसुद्धा माझा आवाज म्हशीपलीकडे कुणावर चढला नव्हता. तेवढ्यात पहिली टोळी आत आली. पुढे एक बाई, कडेवर लेकरू, पायात उंच टाचेची चप्पल. ती तशीच वळणाकडे निघालेली. आता ही आपटणार, लेकरू आपटणार, असं मला दिसलं. मी पुढे झाले आणि तिच्या कानापाशी, लेकरू दचकू नये म्हणून अगदी हळू म्हटलं, "जपून हां, पायरी हाय."

ती बाई अशी किंचाळली की बाहेरच्या रांगेतली माणसं मागे सरली. तिचा नवरा तिला सोडून पुढे पळाला. तीही पळाली, पण पायरी मात्र नीट पाहून उतरली. माझा जीव भांड्यात पडला.

मला वाटलं, आता नोकरी गेली. सुपरवायझर आत आले ते हसत हसतच. "ताई, उद्यापासून हेच. एक शब्द इकडचा तिकडे करू नका."

आणि मी भूत झाले. मराठी कळणारेही घाबरायचे, न कळणारे जरा जास्तच घाबरायचे. हाडांचे सापळे वरून आदळले तरी हसणारी कॉलेजची पोरं माझ्या तेवढ्या वाक्याने एकमेकांच्या गळ्यात पडायची. घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमचे मालक ताटावरून म्हणाले, "मला तर हितं रोजच भ्या वाटतं. मला कुनी इचारत न्हाई." ते डेपोतल्या कामाला रोज देहूरोडला जायचे, आणि तिथेही त्यांनी माझी कीर्ती पोचवली होती. गावात बायका मला चिडवायच्या. मला आतून फार आवडायचं ते. माझ्या आयुष्यात लोकांनी पुन्हा येऊन ऐकावं असं मी काही बोलले असेन, तर ते एवढंच.

चार-पाच वर्षांनी मुंबईहून पार्कच्या मालकांची माणसं आली, बंद ऑफिसात बसली आणि 'पब्लिकला आता भुताचा कंटाळा आलाय' असं ठरवून गेली. पब्लिक बाहेर रांगेतच उभं होतं, त्याला कुणी विचारलं नाही. महिनाभरात काळ्या भिंतींवर प्लायवूड चढलं, प्लायवूडवर हिरवी पानं, कोपऱ्यात मान हलवणारा फायबरचा हत्ती. सापळे ट्रकमध्ये घालून नेले. पायरीवर नुसतं हिरवं कार्पेट अंथरलं, त्यामुळे ती आधीपेक्षा जास्त फसवी झाली. मग सुपरवायझर म्हणाले, तुम्ही इथेच राहा. मला हिरवा झगा दिला आणि एका पोकळ झाडात उभं केलं. "जपून हां, पायरी हाय," झाड म्हणायचं. आता कुणी किंचाळत नव्हतं. एक चिमुरडी उतरताना मागे वळून म्हणाली, "थँक्यू, झाड." त्या दिवशी मी दुपारचा डबा झाडातच बसून खाल्ला.

लोकांची मला हाक मारायची तऱ्हाही दरम्यान बदलली. मी 'ताई'ची 'मावशी' झाले. ते कधी झालं हे लक्षात आलं नाही.

पुढच्या बदलाच्या वेळी मात्र मी जे केलं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जंगल मोडून तिथे अंतराळयान करायचं ठरलं होतं. एक डिझायनर बाई आल्या, हातात टॅब, बोलायला गोड. वरचे दिवे लावून त्यांनी सगळी शेड फिरून पाहिली. कार्पेट होतं, शिवाय मी नेमकी पायरीवरच उभी होते, तेव्हा त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी मला विचारलं, "मावशी, तुम्ही रोज असता इथे. काही प्रॉब्लेम आहे का आत? आत्ता सांगितलंत तर काम करताना काढून टाकू."

तोपर्यंत ही पायरी काढा म्हणून मी सुपरवायझरांना दहादा सांगितलं असेल. त्या क्षणी मात्र मला दुसरंच दिसलं. पायरी गेली तर इथे माणूस कशाला लागेल? पुन्हा हातात खराटा, पुन्हा बाथरूमच्या बादल्या. त्या कामाची मला लाज नव्हती, पण आता मला माझी जागा होती.

"न्हाई," मी म्हटलं, "काय बी न्हाई."

अंतराळात मला चंदेरी पोशाख आणि हेल्मेट मिळालं. हेल्मेटमधून आवाज बाहेर येईना, म्हणून मी येणाऱ्याचं कोपर धरून पायरी उतरवायची. लोकांना तो खेळाचाच भाग वाटायचा. पावसात कोंबड्यांचा वास आलाच, तेव्हा एका माणसाने बायकोला समजावलं की अंतराळात असाच वास असतो. मी हेल्मेटच्या आत हसले. पण मनात पाल चुकचुकायचीच. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी मी त्या पायरीवर पाय ठेवून बघायची.

त्या पावसाळ्यात भाताच्या लावणीला मी चार दिवस रजा घेतली. दरवर्षी घ्यायची. माझ्या जागी दुसऱ्या बाईला उभं करतात, तसं त्या वेळीही केलं होतं. ती थोडा वेळ चहाला गेली. तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका तिथे पडल्या. पासष्टीच्या होत्या, बहिणीबरोबर आलेल्या. घोट्याचं हाड मोडलं.

मी कामावर परतले तेव्हा सुपरवायझर गेटवरच भेटले. त्यांनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "मावशी, तुम्ही असता तर झालं नसतं."

हे ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? आपल्यावाचून अडतं, हे ऐकून छाती फुगली. हेल्मेट घालून जागेवर जाऊन उभी राहिले तेव्हा त्या पायरीकडे नजर गेली, आणि कळलं. त्या शिक्षिकाबाईंचं हाड माझ्या जागी उभ्या असलेल्या बाईच्या चहाने मोडलं नव्हतं. ते माझ्या 'काय बी न्हाई'ने मोडलं होतं. दिवसभर मी लोकांची कोपरं नेहमीपेक्षा घट्ट धरत होते. घरी मालकांनी विचारलं, काय झालं. लावणीने पाठ धरली, असं सांगून मी आडवी झाले.

म्हणून पुढच्या वेळी, म्हणजे अंतराळाचाही कंटाळा आल्यावर, बर्फाच्या गुहेचं माप घ्यायला इंजिनियर आले तेव्हा मी त्यांना बोलूच दिलं नाही. आधी हाताला धरून वळणावर नेलं. खाली बसले, पायरीवर चढवलेला चंदेरी पत्रा नखाने उचकला आणि म्हटलं, "साहेब, हितं पायरी हाय. आधी ही काढा, मग काय तो बर्फ करा."

ते म्हणाले, "अरे बापरे! हे इतकी वर्षं असंच होतं?"

"व्हय," मी म्हटलं. "म्या सांगाया पायजे व्हतं."

तोडायला घेतलं त्या दिवशी मी बघत उभी होते. कामगाराने भिंतीच्या कडेला पहार घातली तसा पत्रा निघाला, मागे हिरवी पानं दिसली, पानांच्या मागे आमचा काळा रंग आणि त्यावर पांढऱ्याने काढलेलं अर्धं भूत. त्याच्याही मागे चुना होता आणि चुन्यात कोंबड्यांची भांडी अडकवायचे गंजके आकडे. भिंतीवरचं कुणी काही काढलंच नव्हतं कधी, फक्त वरून चढवत गेले होते. खालच्या शेडमध्ये भर घालून जमीन सारखी करायची होती, म्हणून सगळ्यात शेवटी पायरी फोडली. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल. चहा यायच्या आत तिचा चुरा झाला होता.

आता मी बर्फाच्या गुहेबाहेर जाकिटं देते. थंडीची जाकिटं, लहान-मोठी, आल्या माणसाच्या मापाची. कुणी पडत नाही. काम चांगलं आहे, बसून असतं. तरी गुहेत मी सहा-सात महिने पाऊल टाकलं नाही. स्टाफला फुकट जाता येतं, पण मी काही ना काही निमित्त काढायची.

दिवाळीत मुलगी आली पिंपरीहून, तिने ऐकलंच नाही. मलाच जाकीट घातलं, डोक्यावर टोपी ओढली आणि रांगेत उभं केलं. आमच्या मागे पुण्याची कॉलेजची एक मुलगी होती, दाराशी गर्दी झाली तेव्हा माझी टोपी सरकली ती तिने सरळ करून दिली.

आत निळा मिणमिणता उजेड, वरून पडणारा खोटा बर्फ, लांडग्यांचे आवाज. हाताला थंड दांडी लागली. वळण आलं, आणि तिथे दिवाच नव्हता. माझी मुलगी पुढे होती. मी तिला 'जपून' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी माझा उजवा पाय आपला आपण खाली निघाला, वीतभर खाली, रोजच्यासारखा. तिथे उतरायला आता काही नव्हतंच. पाय सपाट जमिनीवर दाणकन आपटला, कळ गुडघ्यातून वर गेली आणि मी पुढे कोलमडले.

मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. कानापाशी, अगदी हळू आवाज आला, "सावकाश हां, आजी."

मी किंचाळले. एवढ्या मोठ्याने, की लांडगे ऐकू येईनात. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच ओरडले. एकदम कळलं मला, ती माणसं का पळायची ते. कवट्यांना ती तयार होती. आपल्याला दिसत नसलेलं कुणीतरी आपल्या पायांकडे बघतंय आणि आपली काळजी घेतंय, याला कुणी तयार नसतं.

"सॉरी, सॉरी," मागची मुलगी म्हणाली. "लागलं का, आजी?"

"न्हाई गं," मी म्हटलं. दम लागला होता, हसूही येत होतं आणि रडूही. "हितं पायरी व्हती."

"कुठे?" तिने विचारलं, आणि मोबाइलचा उजेड खाली धरला. मी वाकून पाहिलं. जमीन सगळीकडे सारखीच होती.