चुकलेली फाइल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. प्रयोगवहीत चुकलेला आकडा त्या पुसू देत नसत. त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा.

पुढे पुण्यात, कसबा पेठेजवळच्या प्रयोगशाळेत मी तात्पुरत्या नोकरीला लागलो. जुन्या चित्रांच्या रंगांच्या तपासण्यांचे अहवाल आम्ही सामाइक सर्व्हरवर ठेवायचो, म्हणजे इतर संस्थांनाही ते वापरता येत. एका सकाळी लक्षात आलं, की दोन चित्रांच्या फाइलींची मी अदलाबदल केली होती. त्या चुकीच्या फाइलीच्या भरवशावर दुसऱ्या शहरातली संस्था आजच एक चित्र पाण्याने साफ करणार होती, आणि त्यातला हिरवा रंग पाण्याने निघणारा होता.

फाइल गुपचूप बदलता आली असती, पण त्यांनी ती आधीच उतरवून घेतली होती. तीनदा फोन लावला, तीनदा एंगेज. चौथ्यांदा तिथल्या बाई म्हणाल्या, "थांबा हं, हातात ओला बोळा आहे."

"तो आधी खाली ठेवा!" मी ओरडलोच.

मग साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वा! चित्र वाचवलंत, पाणी फक्त स्वतःच्या नोकरीवर सोडलंत."

त्या संध्याकाळी मी शाळेतल्या बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, सा. नमस्कार. आज मोठी चूक झाली. चुकलेली फाइल मी पुसली नाही. तिच्यावर 'वापरू नये' असं लिहून शेजारी बरोबर फाइल ठेवली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. नोकरीचं सोमवारी कळेल. चित्र कोरडं आहे."